बाईंच्या खाटेखालचा केर

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घराची वरची खोली मी भाड्याने देते. देताना अट एकच, खोली रोज झाडून-पुसून लख्ख ठेवायची. बाई पहिल्यांदा खोली बघायला आल्या तेव्हा मी ती अट सांगितली, तर उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "झाडतो की. पण खाटंखाली न्हाय झाडणार. आणि तुम्हीबी झाडायचं न्हाय. पटत असंल तर सामान आणतो, न्हायतर दुसरीकडं बघतो."

आता घरमालकीण मी का त्या, हेच मला कळेना. पण काही माणसं आपण नाही म्हणायच्या आत घरात शिरलेली असतात. मी म्हणाले, "आणा सामान."

सामान म्हणजे एक लोखंडी खाट, एक कॉम्प्युटर आणि पुस्तकं. पुस्तकं खोक्यातून येतात हे मला ठाऊक होतं, पोत्यातून आलेली पहिल्यांदाच बघितली. हमालाला वाटलं साखर आहे. त्याने पाठीवरून धाडकन टाकलं तर बाई ओरडल्या, "पावणं, हळू! हळू आपटलं की चिकटतं, जोरात आपटलं की फुटतं!"

हे त्यांचं पालुपद. तेव्हा मला वाटलं पुस्तकांबद्दल बोलतात.

बाई साठीच्या पुढच्या. केस पांढरे आणि पोरांसारखे बारीक कापलेले. साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या, कारण काय तर साडीला खिसा नसतो. पायात कर्रकर्र वाजणारं पायताण, त्यामुळे जिना चढायला लागल्या की अख्ख्या गल्लीला कळायचं. पेठ वडगावच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याची ही लेक. शिकत शिकत परदेशी गेली, बरीच वर्षं तिकडे राहिली, परत येऊन इथे विद्यापीठात शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्या माडीवर येऊन टेकली. एवढं जग फिरून आली, पण बोलणं तसूभर हललं नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशाच बाई. परदेशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांशी फोनवर इंग्रजीत बोलता बोलता मधेच "व्हय की ओ!" असं म्हणायच्या, आणि तिकडचा माणूस ते समजून घ्यायचा म्हणे.

मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं कशाचा अभ्यास करता?"

"आपण ज्याच्यावर उभं हाय, ते कसं झालं त्याचा."

"म्हणजे आपली पेठ?"

"त्याच्या खाली, आक्का. त्याच्या खाली."

मी फार शाळा शिकलेली नाही. भडंगाच्या पुडीचा कागद सुटा करून वाचत वाचत जी काय अक्षरं गोळा झाली, ती माझी शाळा. त्यामुळे मला विचारायची लाज वाटायची नाही, आणि बाईंना सांगायचा कंटाळा यायचा नाही. आमचं तिथेच जमलं.

एके दिवशी मी परातीत तांदूळ घोळत बसले होते. परात गोल गोल फिरवली की तांदूळ एकीकडे सरकतात, खडे दुसरीकडे गोळा होतात, कोंडा वरच्या वर राहतो. बाई भाजी आणायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर फतकल मारली. माझे तांदूळ निवडून झाले तरी उठेनात. म्हणाल्या, "फिरवा की अजून."

"झाले की हो."

"तांदूळ झालं असतील. माझं न्हाय झालं."

मग सांगितलं. तारा नवा असतो तेव्हा त्याच्याभोवती धुळीची आणि वायूची अशीच एक चपटी परात फिरत असते. आपला सूर्यही एकदा तसाच होता. त्या परातीत चुलीच्या धुरासारखी बारीक धूळ. कण कणाला हळूच लागतो आणि चिकटतो. त्याला आणखी एक. मग रव्याएवढा होतो, मग तांदळाएवढा, मग खडा. खड्यांचे डोंगर, आणि डोंगरांचे ग्रह.

"म्हणजे ही पृथ्वी म्हणजे केर?" मी विचारलं.

"खाटंखाली झाडू दिलं न्हाय ते उगंच का?"

त्या दिवशी दुपारी मी केरसुणी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. सुपलीत जमलेला केर बघितला. केस, माती, कापडाचे धागे, कोंडा. जन्मभर हा उकिरड्यावर फेकत आले. हा तवा, ही पंचगंगा, ही मी, सगळं आधी असलंच काहीतरी उडत होतं, आणि कुठेतरी हळूच लागून चिकटलं.  फेकला केर, नाही असं नाही. पण फेकताना हात जरा सावकाश गेला.

बाईंची एक गंमत अशी की आभाळाचा एवढा अभ्यास, पण दिवेलागण झाली की जेवून आडव्या. चांदणं बघायला म्हणून कधी गच्चीत आल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं बघायला दुर्बिणी हायत की. त्या जागत्यात, मी झोपतो."

शेजारच्या काकूंना साडेसाती लागली होती. ग्रहांच्या बाई म्हणून त्या वर गेल्या आणि शनीची शांत कशी करायची विचारायला लागल्या. मला वाटलं आता बाई फाडून खाणार. पण बाईंनी त्यांना चहा दिला, कॉम्प्युटरवर शनीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, "ही कडी बघा. बर्फाचं खडं हायत. कुणी डोंगराएवढं, कुणी वाळूएवढं, सगळं जण आपापली वाट धरून फिरालेत. एवढा मोठा संसार सांभाळणारा माणूस तुमच्या वाकड्यात कशाला शिरंल?" काकू खाली आल्या त्या डोळे विस्फारून. "अगं, बर्फाची कडी हायत त्याला! बर्फाची!" शनिवारी तेल वाहायचं काही त्यांनी थांबवलं नाही. पण आता भीतीने नाही, कौतुकाने वाहतात.

तर 'हळू आपटलं की चिकटतं' हे वाक्य बाई कुठेही लावायच्या. माझं आणि सुनेचं वाजलं की वरून आवाज यायचा, "हळू, आक्का, हळू!" तालमीतली पोरं गाड्या उडवत आली तरी तेच. पण ते वाक्य त्यांच्या जिवाला लागलेलं होतं, हे मला इचलकरंजीत कळलं.

माझ्या भावाचे तिथे यंत्रमाग आहेत. मी सहज बोलून गेले की मागाच्या शेडमध्ये कापसाची लव उडते आणि तिचे मागाखाली गोळे होतात. बाई ताडकन उठल्या. "चला."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीला?"

शेडमध्ये शिरलो तर खडखडाट असा की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. उन्हाच्या तिरपीत लव तरंगत होती, कामगारांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ जमिनीवर पालथ्या पडल्या. गाल फरशीला टेकवून मागाखाली बघायला लागल्या. एका कामगाराने घाबरून माग बंद केला. भाऊ धावत आला, "आक्के, पावण्यास्नी चक्कर आली का काय?"

जमिनीवरून बाई ओरडल्या, "यंत्र बंद करू नगा! वारं बदलतंय!"

मग माझा पदर ओढून मलाही खाली आडवं केलं. या वयात, भावाच्या कामगारांसमोर! पण खरं सांगते, आडवी झाले आणि लाज विसरले. डोळ्यासमोर फरशी नव्हतीच, माळरान होतं. त्यावर वाऱ्याने लवेचे पुंजके पळत होते. काही एकमेकांवर आपटून विस्कटत होते. काही नुसतेच उड्या मारत लांब जात होते. पण एका खांबाच्या मागे, जिथे पंख्याचा वारा अडून मंद होत होता, तिथे पळणारं पुंजकं थांबायचं. दुसरं येऊन त्याला अलगद लागायचं. तिथे एक गोळा होता. आमच्यासमोर तो हळूहळू वाढत होता.

"दिसलं?" बाई माझ्या कानात म्हणाल्या. "वारा जिथं दमतो, तिथं घर होतं."

भाऊ डोक्याला हात लावून उभा होता. म्हणाला, "एक येडी सांभाळायची मारामार, त्यात ही दुसरी घेऊन आलीस."

परत येताना एसटीत बाई खिडकीशी बसल्या आणि मला त्यांनी ते सांगितलं. एक नवा तारा आहे. किती लांब ते सांगितलं होतं, माझ्या डोक्यात मावलं नाही. त्याच्या धुळीच्या परातीत एक काळी गोल खाच दिसते. बाईंचं म्हणणं असं, की त्या खाचेत ग्रह बसलेला आहे. त्यानेच फिरून फिरून धूळ झाडून ती वाट पाडली.

"तुम्ही जुनं गुऱ्हाळ बघितलंय न्हवं, आक्का? चरकाला बैल जुंपायचे. फिरून फिरून जमिनीत गोल वाट पडायची. बैल सोडून गोठ्यात नेला तरी वाट बघून माणूस सांगतो, हितं बैल फिरतोय. तसं हाय. वाट हाय, म्हंजे बैल हायच."

"मग दिसत का नाही?"

"लई लांब हाय आणि लई अंधार हाय. पण आता नवी दुर्बीण त्या खाचंत बघणार हाय."  मग म्हणाल्या, "तरुण होतो तवापासनं हे एकच सांगत आलोय, आक्का. तिकडं लोक हसायचे. बैल केवढा, कुठं उभा असणार, सगळं गणित मांडून दिलंय. असला तर माझा जन्म बरोबर. नसला तर..."

 हातकणंगले आलं, माणसं चढली, तेवढ्यावर राहिलं.

मग तो दिवस आला. सकाळी चहा बशीत ओतता ओतता बाई म्हणाल्या, "आज दुपारी फोटो येणार." बशी भरून वाहिली. चहा शर्टावर सांडला, त्यांना कळलं नाही.

मी दूध आणायला गेले आणि तालमीच्या अध्यक्षांना एवढंच म्हणाले, की बाईंच्या ग्रहाचा आज निकाल आहे. या अध्यक्षांना सगळे पैलवान म्हणतात. एके काळी कुस्ती केली, आता मिसळीचं दुकान. आता कोल्हापुरात निकाल म्हटल्यावर काय होतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्याकडे मतमोजणी सुरू व्हायच्या आधी गुलालाची पोती उतरतात आणि दोन्ही उमेदवारांचे विजयाचे फ्लेक्स छापून तयार असतात. पैलवानाने तेच केलं. दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडाला हा एवढा फ्लेक्स! गणपतीच्या आरतीला काढलेला बाईंचा फोटो, त्यात डोळे मिटलेले. खाली लिहिलेलं, 'जगात भारी होतोच, आता विश्वात भारी! आमच्या बाईंनी नवा ग्रह शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. बाईंचा नाद खुळा!' आणि त्याखाली तालमीतल्या सगळ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो, शुभेच्छुक म्हणून.

बाईंना याचा पत्ता नव्हता. त्या माडीवर कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे खाटेवर. कडकडून ऊन होतं. खालून हलगीवाला हलगी तापवून वाजवून बघत असल्याचा आवाज येत होता.

फोटो उघडला. मला काय दिसणार? एक तांबूस गोल, मध्ये उजेड, आणि त्यात ती काळी खाच. सुंदर होती हो. मी कधी एवढं लांबचं काही बघितलं नव्हतं. एक जग जन्माला येताना बघत होते, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहिल्यासारखं. मी हात जोडले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पडद्याजवळ गेल्या. त्या खाचेवरून बोट फिरवत राहिल्या, एक फेरा, परत एक फेरा, मळणीच्या बैलागत. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं, हळू आवाजात, दुखवट्याला आल्यासारखं. बाईंनी "व्हय" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

"वाट हाय, आक्का," त्या म्हणाल्या. "बैल न्हाय."

"लपला असेल कुठे तरी."

"न्हाय. मी म्हटलो होतो तेवढा असता तर दिसला असता. मोकळी हाय वाट." मग पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "मी त्याला नावबी ठेवलं होतं."

काय नाव, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तेवढ्यात खाली हलगी कडाडली आणि पोरं ओरडली, "बाईंचा विजय असो!" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. त्या उठल्या, खिडकीतून वाकून फ्लेक्स वाचला, सगळा, शुभेच्छुकांसकट. मला वाटलं आता धरणी दुभंगेल तर बरं. मी म्हणाले, "थांबा, मी जाऊन सांगते त्यांना."

"माझी कुस्ती, मी सांगतो," म्हणाल्या आणि कर्रकर्र करत जिना उतरल्या.

हलगी थांबली. पैलवान गुलालाचं पोतं उघडून उभा. बाई म्हणाल्या, "पैलवान, ग्रह न्हाय सापडला. मी चुकलो."

हलगीवाल्याच्या हातातली काडी खाली पडली. पैलवान एकदा फ्लेक्सकडे बघतो, एकदा पोत्याकडे. शेवटी म्हणाला, "काढतो बाई. आत्ता उतरवतो. चूक झाली."

"चूक माझी झाली, तुमची न्हाय. उतरवा, पण दुसरा लावा."

"दुसरा कसला?"

"मी हरल्याचा."

"अवो, हरल्याचा फ्लेक्स कोण लावतंय? आपल्या कोल्हापुरात कवा बघितलाय का?"

"पैलवान, मला सांगा, मैदानात चितपट झालेला गडी दुसऱ्या दिवशी तालमीत येतोय का न्हाय?"

"येतोय की! न्हाई आला तर वस्ताद ओढून आणतोय."

"मग तेवढंच लिवा." बाईंनी हात आभाळाकडे केला. "अवो, ती वाट हाय की तिथं! बैल नसताना पडलीया! कुणी पाडली? वाऱ्यानं? का आणखी कशानं, जे अजून कुणालाच ठाऊक न्हाय? बैल असता तर मला जे ठाऊक होतं तेवढंच खरं झालं असतं. आता ह्या एवढ्या जगात कुणालाच ठाऊक न्हाय, मलाबी न्हाय. त्ये केवढं मोठं हाय! उधळा की तो गुलाल, कशाला धरून बसलाय?"

पैलवानाला त्यातलं काय कळलं देव जाणे. पण हरून उभं राहिलेलं माणूस त्याला कळत असावं. त्याने मूठभर गुलाल घेतला, बाईंच्या पायाशी टाकला आणि वाकून नमस्कार केला. मग हलगी वाजली. त्या दिवशी आमच्या गल्लीत न सापडलेल्या ग्रहाची मिरवणूक निघाली, आणि मी म्हातारी त्यात नाचले.

दुसरा फ्लेक्स तिसऱ्या दिवशी आला. फोटो तोच, डोळे मिटलेला. 'खाचेत ग्रह नाही. बाई चितपट. उद्यापासून पुन्हा मेहनत.' नृसिंहवाडीहून दर्शन करून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाला थांबायच्या, लोक उतरून वाचायचे आणि विचारायचे, ही कुठली पैलवान?

पण मिरवणूक संपली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. बाई लाल रंगाने माखून वर आल्या. दिवेलागण व्हायला थोडा वेळ होता. म्हणाल्या, "आक्का, केरसुणी द्या. तिन्हीसांजंच्या आत काढतो, दिवा लागल्यावर केर काढायचा न्हाय हा तुमच्या सासूबाईंचा नेम मोडायला नगो."

मी केरसुणी दिली. बाई वाकल्या आणि खाटेखाली गेल्या. इतक्या वर्षांचा केर. मऊ राखाडी पुंजके, काही तर लिंबाएवढे. त्यांनी ते सगळे सुपलीत घेतले, एकही न विस्कटता.  वाटलं, बाई मोडल्या. आता आवरणार आणि जाणार. मी म्हणाले, "असू द्या हो. राहू दे."

"न्हाय. ह्ये माझ्या चुकलेल्या गणिताचं होतं." फरशीवर हात फिरवून बघितला. चकचकीत होती. मग जमिनीवरच बसल्या, गुलालाने भरलेल्या शर्टात, आणि त्या मोकळ्या फरशीकडे असं बघितलं की मी ते तोंड विसरणार नाही. लहान पोर पाटी कोरी करून बसतं ना, तसं. "आता पहिल्यापासनं साठू दे," त्या म्हणाल्या. "ह्या वेळंला आधी बघतो. मग बोलतो."

आता बाईंचे गुडघे जिना चढू देत नाहीत. पेठ वडगावला आपल्या भावाच्या घरात, खालच्या खोलीत असतात. अजून त्याच खाचेच्या मागे आहेत. लोखंडी खाट इथेच आहे, आणि वर आता दवाखान्यात काम करणारी एक मुलगी राहते, मोठी स्वच्छतेची. तिला मी खोली दाखवली तेव्हा उंबऱ्यातच सांगितलं, "सगळं झाडायचं. खाटेखाली नाही." तिने माझ्याकडे बघितलं, मी कधी काळी बाईंकडे बघितलं होतं तसंच.

रविवारी बाईंचा फोन येतो. सून कशी, काकूंचा शनी कसा, पैलवानाची मिसळ अजून तेलकट का, असं सगळं विचारून होतं. मग शेवटी विचारतात.

"खाटंखाली कसं हाय?"

मागच्या रविवारी मी वर जाऊन, गुडघे टेकून, गाल फरशीला लावून बघितलं होतं. खाटेच्या मागच्या पायाशी, जिथे दाराचा वारा पोचत नाही तिथे, एक पुंजकं धरलं आहे. म्हणाले, "वाटाण्याएवढं झालंय, बाई."

 मग अगदी हळू, जणू त्यांच्या नुसत्या श्वासाने ते इथे उडून जाईल अशा आवाजात, त्या म्हणाल्या, "आक्का, तिथं जरा सावकाश चाला."